आधी न्याहारी

ऐरोलीच्या एका वाचक भगिनीचं पत्र. तिच्या परवानगीने थोडं आटोपशीर करून देते आहे.

"मावशी, माझं वय 49. माहेर ठाण्याच्या माजिवड्याच्या गावठाणातलं, ईस्ट इंडियन घर, म्हणजे इथलेच मूळचे कॅथलिक. तीन वर्षं होऊन गेली, आईने राहतं घर दादाच्या नावावर केलं. मला घर नको होतं, पण निदान विचारायला हवं होतं. मी भांडले, नको नको ते बोलले आणि आईचे फोन घेणं बंद केलं. दीड महिन्याने एका रात्री तिचे तीन फोन आले. 9.40, 10.15 आणि 11.05. मी जागी होते. फोन हातातच होता. स्क्रीनवर 'आई' दिसत होतं आणि मी तो पालथा घातला. पहाटे वहिनीचा फोन आला. आई झोपेतच गेली होती.

तेव्हापासून प्रत्येक लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात, मी एकेक गोष्ट सोडते आहे. पहिल्या वर्षी चहा, दुसऱ्या वर्षी मासळी-मटण. गेल्या वर्षी चाळीस दिवस जमिनीवर झोपले. यंदा राखेच्या बुधवारपासून, लेंटच्या पहिल्या दिवसापासून, एकवेळ जेवते. मला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. दरवर्षी कन्फेशनला जाऊन तेच पाप सांगते. फादर क्षमा देतात, पण बाहेर आले की वाटतं, यांना नीट कळलंच नाही. म्हणून पुढच्या वेळी दुसऱ्या चर्चमध्ये जाते. चर्चमधली मिस्सा चुकवत नाही, पण तिथे कम्युनियनची पवित्र भाकर घेत नाही. दादाशी बोलणं नाही. परवा माझी मुलगी म्हणाली, 'मम्मी, तुझ्या देवाला अजून काय काय पाहिजे?' मला उत्तर देता आलं नाही. आईने केलेल्या बॉटल मसाल्याची शेवटची बाटली कपाटात तशीच आहे, मी ती उघडलेली नाही. मावशी, अजून किती केलं म्हणजे देव मला माफ करेल?"

अगं पोरी,

तू मावशी म्हणालीस, म्हणून अगंतुगं करते. देवाचं बोलूच, पण आधी गोळ्यांचं. मी 34 वर्षं नर्स होते. 'शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, एकवेळ जेवते' हे एका दमात वाचलं आणि माझ्या जिवाला घोर लागला. शुगरच्या काही गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, आपलं काम करत राहतात. मग दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, समोरचा काय बोलतोय ते कळेनासं होतं. शुगर 70 च्या खाली गेली की धोका सुरू झाला. हे तुला सकाळच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये, दाराजवळ उभी असताना झालं तर? उद्याच डॉक्टरांकडे जा आणि एकवेळ जेवते आहेस हे न लपवता सांग. गोळ्या मनाने बंद करू नकोस. आणि आज रात्री जेव.

यात कुठलंही व्रत मोडत नाही. चर्चने उपवास बंधनकारक केला आहे तो फक्त दोन दिवसांचा, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तोही 18 ते 59 वयाच्या धडधाकट माणसांसाठी, आणि त्यातसुद्धा एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं खाणं चालतं. आजारी माणसाला त्यातूनही सूट आहे. चाळीस दिवस एकवेळ जेवायला तुला चर्चने सांगितलेलं नाही, फादरांनी सांगितलेलं नाही. हा हप्ता तूच बांधून घेतलास आणि दरवर्षी तूच तो वाढवलास.

हप्ताच म्हणायचं मला. तुझ्या पत्रात चहा आहे, मासळी आहे, जमीन आहे, एकवेळचं जेवण आहे, आणि शेवटी प्रश्न आहे, 'अजून किती?' हा प्रश्न सावकाराला विचारतात. मुद्दल किती, व्याज किती, कधी फिटणार. तुझ्या मनात देव चोपडी उघडून बसला आहे आणि तू दर लेंटला त्याच्या ओट्यावर काहीतरी नेऊन ठेवतेस. तो मान वर न करता म्हणतो, ठेव, अजून बाकी आहे. तुझ्या मुलीला हा सावकार दिसला, म्हणून तिने तसं विचारलं. तिला रागावू नकोस. तिने देवाचा अपमान केलेला नाही. आईला कोण छळतंय ते तिला पाहायचं होतं.

आता त्या रात्रीबद्दल. 'तुझं काहीच चुकलं नाही' असं तुला खूप जणींनी सांगितलं असेल. मी सांगणार नाही, कारण त्याने तुझं समाधान होत नाही हे मला दिसतं. तू फोन पालथा घातलास ते चुकलं. आई हाक मारते आहे हे कळत असताना तिला हाकेवरच ताटकळत ठेवलंस. पण आईचा मृत्यू त्या फोनमुळे झाला नाही. तू या दोन गोष्टींची एकच मोळी बांधली आहेस आणि तीच डोक्यावर घेऊन तीन वर्षं चालते आहेस. चुकीला क्षमा असते. मृत्यूला क्षमा लागत नाही, त्याला रडणं लागतं. तुझ्या पत्रात उपास आहेत, कन्फेशन आहेत, पण आईसाठी रडल्याचं एक अक्षर नाही.

वॉर्डातला एक प्रसंग सांगते. एक मुलगा वडिलांजवळ सहा रात्री बसून होता. सातव्या पहाटे मीच त्याला म्हटलं, जा, खाली जाऊन चहा पिऊन ये, मी आहे. तो दहा मिनिटांत परत आला. हातात कागदाचे दोन कप, एक माझ्यासाठी आणलेला. तेवढ्यात वडील गेले होते. तो कप खाली ठेवेना. चहावर साय धरली, ती सुरकुतली, तरी दोन्ही हातांत दोन कप धरून तो दारातच उभा. मला एकच विचारत राहिला, "सिस्टर, त्यांनी मला हाक मारली का?" सहा रात्री त्याला आठवेनात, दहा मिनिटं तेवढी आठवत होती. मागे राहिलेला माणूस असाच हिशेब करतो. शेवटचा तास मोजतो आणि आधीचं सगळं आयुष्य बाजूला ठेवतो. तू तुझ्या आईची सेहेचाळीस वर्षं लेक होतीस, आणि पत्रात दीड महिनाच आला.

त्या तीन फोनांचं मी काय वाचलं, ते सांगू? आईच्या मनात काय होतं हे कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. पण जी बाई रागावलेल्या लेकीला रात्री पावणेदहाला फोन करते, लेक घेत नाही म्हटल्यावर सव्वादहाला पुन्हा करते आणि अकरा वाजून गेले तरी तिसऱ्यांदा करून बघते, ती बाई तुझा गुन्हा मोजत बसलेली नव्हती. ती तुला शोधत होती. त्या तीन वेळा तू तुझ्या खात्यावर मांडल्यास. त्या आधी तिच्या खात्यावरच्या आहेत.

आणि मला वाटतं, देवाची कृपा म्हणजे काय हे तुला यातूनच कळेल. आपण दार लावून बसलेलो असतो आणि हाक पलीकडून येते. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशूने सांगितलेले दाखले आठव. मेंढरू हरवलं तर मेंढपाळ शोधायला निघतो. नाणं हरवलं तर बाई दिवा लावून घर झाडते. घर सोडून गेलेला मुलगा परतताना लांब असतानाच बापाला दिसतो आणि तो म्हातारा धावत सुटतो. मुलाने रस्ताभर पाठ केलेलं माफीचं वाक्य बाप पुरतं बोलूही देत नाही, मधेच नोकरांना झगा आणायला पिटाळतो. तू ते वाक्य चार लेंट पाठ करते आहेस. ते किती चांगलं पाठ झालं यावर मिठी अवलंबून नाही.

राखेच्या बुधवारी मिस्सात आपण 51वं स्तोत्र म्हणतो. दावीद राजाच्या नावाचं, त्याने दुसऱ्याच्या बायकोच्या, बथशेबेच्या बाबतीत केलेल्या पापानंतरचं. सुरुवातीलाच तो देवाकडे दया मागतो, आणि तिथे मूळ हिब्रूत जो शब्द आहे, 'रहमीम', त्याचं नातं 'रेहेम' या शब्दाशी आहे. रेहेम म्हणजे गर्भाशय. देवाची दया आईच्या पोटातून येते, असं ती भाषाच सांगते. आपल्याला हे नवीन वाटायला नको. मराठी माणूस देवाला माउली म्हणत आला आहे. यशयाच्या पुस्तकात देव विचारतो की आई आपल्या तान्ह्याला विसरेल का, आणि पुढे म्हणतो, ती एक वेळ विसरेल, मी तुला विसरणार नाही. तुझ्या आईने एका रात्रीत तीनदा फोन केला. देव तिच्याहून कठोर मनाचा असेल, असं तू का धरून चालतेस?

कन्फेशनबद्दल थोडं स्पष्ट बोलते. मनापासून सांगितलेलं आणि क्षमा मिळालेलं पाप पुन्हा सांगायची गरज नसते. फादरांना कळलं की नाही, त्यांनी मान कशी हलवली, आवाज कसा होता, यावर क्षमा ठरत नाही. क्षमा देव करतो, फादर त्याच्या नावाने ती उच्चारतात. तू एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये जातेस कारण तुला अजून कडक शिक्षा देणारा फादर हवा आहे. तसा भेटला तरी त्याने तुला बरं वाटणार नाही.

2013 मध्ये पोप फ्रान्सिस निवडून आल्यावरचा पहिला रविवार, 17 मार्च, लेंटमधलाच होता. खिडकीतून बोलताना ते म्हणाले की क्षमा करायचा देवाला कधी कंटाळा येत नाही, क्षमा मागायचा कंटाळा आपल्यालाच येतो. मग त्यांनी ब्यूनोस आयर्समधली, ते तिथे बिशप असतानाची गोष्ट सांगितली. ऐंशी ओलांडलेली एक गरीब म्हातारी कन्फेशनला आली. त्यांनी तिला विचारलं, आणि देवाने क्षमा केली नाही तर? ती म्हणाली, देव सगळ्याची क्षमा करतो. तुम्हाला कसं ठाऊक? तर म्हणाली, देवाने सगळ्याची क्षमा केली नसती तर हे जगच उरलं नसतं. त्या म्हातारीचं हे बोलणं मी स्वयंपाक करताना कितीदा तरी मनात घोळवते.

आता येशूच्या शिष्याकडे, पेत्राकडे ये. लेंट संपत येतं तसं त्याचं प्रकरण वाचलं जातं, पण तुला ते आताच हवं आहे. येशूला पकडलं त्या रात्री थंडी होती. प्रमुख याजकाच्या अंगणात नोकरांनी कोळसे पेटवले होते आणि पेत्र त्या विस्तवाजवळ शेकत उभा होता. तिथे त्याने तीनदा सांगितलं, मी त्या माणसाला ओळखत नाही. कोंबडा आरवला. लूक लिहितो की येशूने वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि पेत्र बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडला. पुढे क्रूस झाला. 'माफ कर' म्हणायला माणूसच उरला नाही. ते तीन दिवस पेत्राने कसे काढले असतील हे कुठे लिहिलेलं नाही, पण तुला ते लिहून द्यायची गरज नाही.

मग योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय, येशू पुन्हा उठल्यानंतरचा. रात्रभर जाळं टाकून मासा नाही. पहाटे किनाऱ्यावर कोणीतरी उभं आहे. तो येशू आहे हे कळताच पेत्र होडी, मासळी सगळं टाकून पाण्यात उडी घेतो. किनाऱ्यावर येऊन बघतो तर काय, कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी भाजत ठेवलेली, बाजूला भाकर. 'कोळशाचा विस्तव' यासाठी जो ग्रीक शब्द आहे तो अख्ख्या नव्या करारात दोनदाच येतो. एकदा त्या अंगणात आणि एकदा या किनाऱ्यावर. माजिवड्याच्या घरातली तू, निखाऱ्यावर भाजलेल्या मासळीचा वास तुला काय सांगू? धुरासकट तो माणसाला मागे नेतो. पेत्राला तो धूर त्या रात्रीत घेऊन गेला असेल. आणि तिथे त्याला येशू काय म्हणतो? 'का केलंस' म्हणत नाही. म्हणतो, या, न्याहारी करा.

न्याहारी झाल्यावर मग प्रश्न. तेही तीन, आणि तिन्ही वेळा एकच, माझ्यावर प्रेम करतोस का? पेत्र हो म्हणतो, तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याला वाईटही वाटतं. आणि प्रत्येक होकाराला येशू त्याला काम देतो, माझ्या मेंढरांची काळजी घे. शिक्षा एकदाही येत नाही.

पोरी, तू आधी फेडायला निघालीस आणि त्यासाठी जेवण सोडलंस. तिथे तो आधी जेवायला बोलावतो आहे. कम्युनियनची रांग म्हणजे दुसरं काय आहे? रांगेत जाण्याआधी आपण सगळेच म्हणतो की प्रभू, तू माझ्या छपराखाली यावंस एवढी माझी योग्यता नाही, पण तू शब्द बोल म्हणजे मी बरी होईन. हे बायबलमधल्या एका रोमी सैन्याधिकाऱ्याचे, शताधिपतीचे शब्द आहेत. अख्खं चर्च 'मी योग्य नाही' असं म्हणतं आणि तसंच उठून पुढे जातं. तू तेवढी 'मी योग्य नाही' म्हणून बसून राहतेस. या रविवारी ऊठ.

दादाशी बोलणं नाही हे तू तीन शब्दांत उरकलंस. मला वाटतं, तुझा खरा उपास तिथे अडकला आहे. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी यशयाचा 58वा अध्याय वाचतात. मला कोणता उपास आवडतो ते देव त्यात सांगतो. भुकेल्याला तुझी भाकर वाटून दे, बेघराला घरात घे, आणि त्याच ओळीत, तुझ्या रक्तामासाच्या माणसापासून तोंड लपवू नकोस. चहा सोडणं सोपं आहे गं. चहा काही उलट बोलत नाही. दादा बोलेल.

घराचा विषय यात आणू नकोस, पण तो गिळूनही टाकू नकोस. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 प्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या ख्रिस्ती आईबापांच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो. आईने हयातीत रीतसर बक्षीसपत्र करून दिलं असेल तर गोष्ट वेगळी, तो तिचा हक्क होता. शंका असेल तर वकिलाला विचार. दादाला क्षमा करणं म्हणजे हक्कावर पाणी सोडणं नव्हे, आणि हक्काचं विचारणं म्हणजे वैर नव्हे. फक्त दोन्ही एकाच दिवशी नकोत.

त्याला लांबलचक मेसेज लिहू नकोस. एवढंच लिही, 'दादा, रविवारी येऊ का? आईच्या कबरीवर जायचं आहे, तुझ्याबरोबर.' उत्तर आलं नाही तर आठवड्याने पुन्हा लिही. तिसऱ्यांदाही लिही. तिसऱ्यांदा हाक मारणं तुमच्या घराला नवीन नाही. तू माहेरची वाट सोडलीस त्यानंतर, जानेवारी 2024 मध्ये, ऐरोली आणि ठाण्याच्या मधे दिघा गाव स्टेशनसुद्धा सुरू झालं. वाट एवढी बदलली आहे, दादाही थोडा बदलला असेल. त्यालाही त्या रात्रीचं काही सांगायचं असेल. आई शेवटी त्याच्या घरात होती, आणि ती फोन लावत होती हे त्याला माहीत असेल तर तोही तीन वर्षं काहीतरी उराशी धरून बसला असेल.

रात्री झोप लागत नसेल, तेच तेच डोक्यात फिरत असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर 14416 वर फोन कर. सरकारची टेली-मानस सेवा आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. प्रार्थना कमी पडली असा त्याचा अर्थ होत नाही. शुगरला गोळी घेतेस तसंच हे.

आणि लेंट अर्धवट सोडायचं का? मुळीच नाही. देवाला या दिवसांत काही द्यावंसं वाटतं ना, दे. शुक्रवारी मासळी-मटण नको, तेवढं पुरे. वाचलेले पैसे एखाद्या भुकेल्याच्या ताटात जाऊ देत. रोज रात्री दहा मिनिटं आईबद्दल मुलीशी बोल. आजी कशी हसायची, कुणावर चिडायची, मार्च-एप्रिलच्या उन्हात मिरच्या वाळत घालताना डोक्याला काय बांधायची. तिला आजी फक्त एका वाईट रात्रीपुरती माहीत असू नये.

राहिली ती बाटली. ती ईस्टरला उघड. तीन-साडेतीन वर्षांत रंग उतरला असेल, वासही बराच गेला असेल, म्हणून मसाला नेहमीपेक्षा चमचाभर जास्त घाल. दादा आला तर त्याच्या पुढ्यात उघड, नाही आला तर एका डब्यात रस्सा भरून त्याच्याकडे पाठव. झाकण घट्ट बसलं असेल. ओढाताण करू नकोस, काच जुनी आहे. गरम पाण्यात पिळलेलं फडकं झाकणाभोवती दोन मिनिटं गुंडाळून ठेव, मग हलक्या हाताने फिरव.

तुझी,
मावशी